कोरडी पाठ

पोळी-भाजी केंद्राबाहेरच्या फळ्यावर गुरुवारी खडूनं लिहिलेलं असतं: आज कांदा-लसूण नाही. शुक्रवारी कुणीतरी नुसतं 'नाही' पुसतं.

निळ्या मार्करची शाई पांढऱ्या ब्लाउजवरून जात नाही. लिंबू चोळून झालं.

कळव्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या की ड्रायव्हर एसी बंद करतो. सांगितलं की लावतो. पुन्हा तुंबल्या की पुन्हा बंद.

लाल तेलाच्या बाटलीवर एक ऋषी आहे. दाढी पांढरीशुभ्र, गाल गुळगुळीत.

"वाकायचं नाही."
"म्हणजे किती वाकायचं नाही?"

रखमाबाई झोपेत पाय हलवतात. कुठंतरी चालत निघाल्यासारख्या.

खुर्ची उलटी ठेवून तिच्या पाठीवर छाती टेकवून बसलं की समोर फक्त भिंत दिसते. भिंतीवर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा खिळा.

चेहरा

हा सुमतीच्या घरात सगळ्यात शेवटी बघितला जाणारा भाग. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिच्या पापण्या सुजायला लागल्या, त्या पहिल्यांदा तिला आरशात दिसल्या, मग खालच्या मजल्यावरच्या स्वप्नाला, मग दूधवाल्याला. नवरा पंढरी घोडबंदर रोडला एका ऑफिसात हिशेब बघतो. सकाळी उजाडताना डोंबिवलीतून निघतो आणि अंधार पडल्यावर येतो. त्यानं एका रविवारी विचारलं, "झोप नाही का झाली?"

झोप झाली नव्हतीच. पण पापण्यांचं ते कारण नव्हतं. सकाळी उठलं की डोळे अर्धेच उघडायचे. दुपारपर्यंत सूज उतरायची आणि कातडी सुटायची, माशाच्या खवल्यासारखी. मानेवर खाज. कधी कानामागून पाणी यायचं.

साबण बदलला. पावडर बंद केली. टिकली बंद केली, तर रखमाबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "भुंड्या कपाळानं फिरतीस व्हय?" मग पेन्सिलनं काढलेली टिकली सुरू झाली. स्वप्नानं कडुलिंब सांगितला. मुलगा ऋतुराज कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं फोनवर वाचून कबुतरांवर संशय घेतला आणि खिडकीला जाळी बसवून घेतली. जाळीचा उपयोग झाला. कबुतरं गेली.

औषधाच्या दुकानातल्या माणसानं एक ट्यूब दिली होती. ती जादू होती. लावली की दोन दिवसांत चेहरा स्वच्छ, सोडली की चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. सुमतीनं ती चैत्र येईपर्यंत लावली. डोळ्यांखालची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली, शिरा दिसायला लागल्या.

ठाण्याच्या डॉक्टरांनी ती ट्यूब हातात घेतली आणि परत दिलीच नाही. डॉ. बियांका. वयानं लहान, वसईकडच्या, बोलणं घरच्यासारखं.

"हे डोळ्याजवळ इतके दिवस लावलंत? आत दाब वाढतो डोळ्याचा. आता हे बंद. कायमचं."

"मग काय लावू?"

"काही नाही. आधी कशानं होतंय ते शोधू."

पाठ

हिच्यावर शोधायचं. चेहऱ्याला काय चालत नाही ते पाठीला विचारायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. कागदी चिकटपट्ट्यांवर छोट्या छोट्या चांदीच्या वाट्या, बटणाएवढ्या. प्रत्येकीत एकेक गोष्ट कणभर: क्रीम टिकावं म्हणून घालतात ते, रंग घट्ट बसावा म्हणून घालतात ते, सुगंध, लोकरीची चरबी, निकेल. पट्ट्या पाठीला चिकटवायच्या, दोन दिवसांनी काढायच्या, आणखी दोन दिवसांनी बघायचं. जिथं लाल उठेल ती वाटी चोर. तोवर पाठ भिजता कामा नये. पाण्यानं नाही, घामानंही नाही.

हे एकदा करून झालं होतं, चैत्रात. पट्ट्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउजच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या सापडल्या. आदल्या दिवशी पाहुणे होते. सुमतीनं ओट्यासमोर उभं राहून चौदा माणसांचा स्वयंपाक केला होता. करताना पाठ आठवली होती. काय करणार होती?

डॉक्टर रागावल्या नव्हत्या. "थंडीत पुन्हा करू," एवढंच म्हणाल्या. आता मार्गशीर्षातल्या सोमवारी म्हणाल्या, "ह्या वेळी भिजली तर पुढच्या थंडीपर्यंत थांबावं लागेल. आणि ट्यूब मी देणार नाही. वर्षभर असेच डोळे घेऊन काढाल?"

सुमतीनं मान हलवली. नाही.

"वापरता त्या सगळ्या वस्तू आणायला सांगितल्या होत्या."

पिशवी तिनं आणली होती. साबण. कोल्ड क्रीमची डबी, तळाशी आलेली. शाम्पूची पुडी. टिकल्यांचं पाकीट. वाळून गेलेलं काजळ. पावडरचा डबा, जो ती आता वापरत नव्हती, पण रिकामं रिकामं दिसू नये म्हणून घातला होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"परफ्यूम, बॉडी स्प्रे?"

"मुलगा मारतो. मी नाही."

"केसांना?"

"खोबरेल. घाण्याचं."

"हातांना काही लावता?"

"हातांना काय लावायचं?" सुमती हसली आणि हात पदराखाली गेले. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, तिखट लागलं की जीव जायचा. पण हात असेच असतात. भांडी घासणाऱ्या कुठल्या बाईचे नसतात? ती चेहरा दाखवायला आली होती.

वाट्या चिकटल्या. गार लागल्या. डॉक्टरांनी मार्करनं कडेनं खुणा केल्या.

"भिंतीला टेकायचं नाही. उताणं झोपायचं नाही. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. अंघोळ नको. कंबरेखाली धुवा, तोंड धुवा, बाकी ओल्या फडक्यानं पुसा."

"अंघोळ नको?" सुमतीनं विचारलं. तिला चेहरा आठवला. स्वतःचा नव्हे, रखमाबाईंचा.

परतीला एसी गाडी केली होती. घाम नको ना, मग गाडीच कर, पंढरी म्हणाला होता. चैत्रातल्यापेक्षा एवढं तरी तो शिकला होता. सुमती पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकवून बसली. कळवा, मुंब्रा, शीळ. ती झोपली. डोंबिवली आल्यावर ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली.

ओटा

"शिवू नगंस," रखमाबाई म्हणाल्या.

मंगळवारची सकाळ. सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत गॅसवर दूध.

"आई, पाठ भिजवायची नाही सांगितलंय. पाय धुतलेत, तोंड धुतलंय, अंग पुसून घेतलंय सगळं."

"अंग पुसलं म्हंजी आंघुळ झाली व्हय? फरशी पुसतो आपण रोज. ती काय न्हाती?"

"मग मी काय करू?"

"तिकडंच थांब. मार्गशीर्ष हाय. देवाचा निवद होतो ह्या ओट्यावर. बिनआंघुळीची बाई ह्या घरात कवा ओट्याला शिवली न्हाई."

पंढरी बूट घालत होता. "आई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मग चार दिस मी करते. मेले न्हाई अजून."

आणि त्यांनी केलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रखमाबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या, गुडघे एकमेकांपासून लांब, आणि एका हातानं ओट्याची कड धरून दुसऱ्या हातानं पिठलं हलवलं. वरच्या फडताळातला डबा काढता येईना तर हाक मारली नाही, हिंगाशिवाय केलं. सुमतीला दारातून दिसत होतं. तिचे हात आपोआप पुढं होत होते आणि चौकटीशी थांबत होते.

दुपारी पिठलं खाली लागलं. घरभर वास.

संध्याकाळी ऋतुराज पोळी-भाजी केंद्रातून पिशवी घेऊन आला आणि थेट आजीसमोर उभा राहिला.

"आजी, विचारून आलोय. पोळीवाल्या काकूंची अंघोळ झालीये. साबण पण लावलेला."

"गप रे मुडद्या."

"नाही, खरंच. म्हटलं, काकू, घरी चेकिंग कडक आहे."

रखमाबाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या. चांगल्या आहेत म्हणाल्या नाहीत. वाईट आहेत असंही नाही.

खुर्ची

उलटी करून सुमती बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली. भर सकाळी, घरात माणसं वावरत असताना, हातात काही नसताना बसणं. तिनं शेंगा मागितल्या सोलायला. रखमाबाई म्हणाल्या, त्या पण शिवायच्या न्हाईत. वर्तमानपत्र वाचलं. जाहिरातींसकट. मग पुन्हा पहिल्या पानापासून.

मग झोप आली.

अशी झोप तिला आठवत नव्हती. दिवाणावर पालथी पडायची, गाल उशीवर, आणि कुणीतरी वरून गोधड्या टाकत जावं तशी खाली जात राहायची. बेल वाजली तर ऐकू यायची आणि ती आपली बेल वाटायची नाही. उठल्यावर तोंड कोरडं, आणि दोन क्षण कळायचं नाही हे कुणाचं घर. पंखा ओळखीचा वाटायचा. त्यावरून डोंबिवली. त्यावरून बाकीचं.

दमणूक जाईल म्हणून झोपायची आणि उठायची तेव्हा ती जास्त असायची. इतके दिवस कुठं होती ही, असं वाटण्याइतकी.

पाठीवर एका जागी खाजत होतं. हात पोचत नव्हता ते बरं.

बुधवारी सकाळी ऋतुराज दात घासता घासता थांबला. "मम्मी, तुझे डोळे बघ."

"काय झालं?"

"काही नाही झालं. तेच तर. नॉर्मल दिसतायत."

तिनं आरशात बघितलं. पापण्या सपाट. ट्यूब न लावता. वर्षभरात पहिल्यांदा. तिला आनंद व्हायला हवा होता. ती विचार करायला लागली की ह्या दोन दिवसांत काय केलं नाही. आणि उत्तर होतं: काहीच केलं नाही.

बुधवार

त्या दिवशी पट्ट्या निघाल्या. डॉक्टरांनी मागं उभं राहून बराच वेळ बघितलं.

"एकदोन ठिकाणी लालसर आहे. पण ते नुसत्या पट्टीनंही होतं. शुक्रवारी नक्की कळेल. खुणा पुसू द्यायच्या नाहीत, पाठ तोवर कोरडीच."

"डॉक्टर, फोडणीची असते का हो ॲलर्जी?"

"का?"

"मी ओट्याशी गेले नाही दोन दिवस. डोळे उतरले बघा."

"पण घरात फोडणी होतेच ना? वास येत असेल."

"येतो," सुमती म्हणाली. "करपल्याचा."

डॉ. बियांका हसल्या. मग तिच्या पापण्यांवरून बोट फिरवून गंभीर झाल्या. "शुक्रवारपर्यंत असंच राहा. काहीही नवीन करू नका. काही जुनंही करू नका."

गुरुवार

लक्ष्मीचा. मार्गशीर्षातला गुरुवार ह्या घरात सुमतीचा असतो: चौरंग, तांदूळ, कलश, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या, नारळ, वेणी, पोथी, संध्याकाळी गोडाचा नैवेद्य. लग्न झाल्यापासून एकही चुकला नव्हता. ऋतुराजच्या वेळी दवाखान्यात होती तेव्हाही सोयर फिटल्यावर पहिल्याच गुरुवारी दोन वेळा आरती केली होती.

ह्या गुरुवारी रखमाबाईंनी मांडली. खाली वाकल्या, उठल्या, डहाळ्या विसरल्या म्हणून पुन्हा उठल्या. सुमती दारातून सांगत होती.

"आई, कलशाला आधी हळदीकुंकवाची बोटं."

"मला शिकवतीस व्हय? तुझ्या आधीपासनं मांडतीया मी."

"तसं नाही. वाकू नका म्हणून म्हटलं. ऋतुराजला सांगा ना."

"त्यो पँट घालून बसल का पूजेला?"

पोथी मात्र ऋतुराजनं वाचली, कारण रखमाबाईंना अक्षर दिसत नव्हतं. क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशा वेगानं वाचली. राणी उन्मत्त झाली, राणी भिकेला लागली, राणी परत राणी झाली. "संपलं," तो म्हणाला. "आजी, मध्ये जाहिराती नव्हत्या म्हणून लवकर झालं."

नैवेद्याला शिरा. रखमाबाईंनी उभं राहून केला. रवा बसून भाजत नाहीत, म्हणाल्या.

दिवेलागणीला त्या आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगावर पडल्या, आणि थोड्या वेळानं तो आवाज सुरू झाला.

पाय

रखमाबाईंचे. गुडघ्यांपासून खाली दोन्ही, सुजलेले, शिरा जांभळ्या. रोज संध्याकाळी सुमती त्यांना लाल तेल लावते, पिंडऱ्या चेपते, टाचांपर्यंत ओढत आणते. मग डोक्याला थोडं. मग त्यांना झोप लागते. सोमवारपासून हे बंद होतं, कारण वाकायचं नाही. रखमाबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही.

आत्ताही विचारत नव्हत्या. आवाज तेवढा येत होता. बारीक, एका लयीत, श्वास सोडताना. घरात कुठल्याही खोलीत बसलं तरी ऐकू येईल इतकाच.

पंढरी नुकताच येऊन टीव्हीसमोर बसला होता. "आई, गोळी घे की," तो तिथूनच म्हणाला.

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

सुमती उलट्या खुर्चीवर. तिनं मनात गणित केलं. पाय चेपणं म्हणजे अंघोळ नव्हे. पंखा लावला तर घाम नाही. खाली बसायचं, पाय आपल्या मांडीवर ओढून घ्यायचे, मग वाकावं लागत नाही. पाठ कोरडी राहील. पाठ कोरडी राहिली म्हणजे झालं.

ती उठली.

"कशाला आलीस?" रखमाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

"पाय द्या इकडे."

"डाक्टरीण नको म्हनली न्हवं?"

"वाकू नको म्हणाल्या. मी वाकत नाही. तुम्हाला तेल लावायचं तर चालतं ना बिनअंघोळीचं?"

"मी काय देव हाय?" रखमाबाईंनी पाय सरकवला.

बाटली उघडली आणि वास आला. कापूर, आणि त्याखाली एक गोड, फुलांचा, जुन्या कपाटासारखा वास. सुमतीला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं हे तेल ती हातात घेत होती आणि त्याला असा वास आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तीन दिवस आला नाही म्हणून आज आला.

तिनं तेल लावलं. पंखा फुल. मध्येच एकदा हाताच्या पालथ्या बाजूनं कपाळावरची बट मागं सारली. कानामागं खाजवलं. पिंडऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, हळूहळू सैल पडल्या.

"जरा जोर लाव की."

"जोर लावला तर घाम येतो, आई."

"बरं बरं. ऱ्हाऊ दे. असंच."

थोड्या वेळानं रखमाबाई घोरायला लागल्या. सुमतीनं पाठीमागं हात नेऊन ब्लाउज चाचपला. कोरडा.

पाठ, पुन्हा

शुक्रवारी. पण आधी डोळे. उठली तेव्हा डावा उघडलाच नाही. उजवा चिरेएवढा. मान लाल, कानामागून पाणी. पंढरीनं चहाचा कप खाली ठेवला. "अगं, हे काय?" ह्या वेळी पहिल्यांदा त्याला आधी दिसलं.

दवाखान्यात डॉक्टर दुसऱ्या कुणाशी फोनवर बोलत होत्या, त्यांनी हातानंच पाठ वळवायला सांगितलं. फोन संपला. पाठ बघून त्या म्हणाल्या, "शाब्बास. एकदम कोरडी. आणि हे बघा, उठलंय. दोन ठिकाणी. दोन्ही सुगंधाची. साबणात, क्रीममध्ये, तेलात वासासाठी घालतात ती. बारीक फोड आलेत, म्हणजे शंकाच नाही. बाकीचं सगळं साफ. तुमच्या पिशवीतल्या वस्तू मी तपासल्या, त्यांत ही दोन नाहीत. आता वळा."

सुमती वळली.

"अरे! हे कधी झालं? बुधवारी तर नव्हतं."

"सकाळी उठले तर असं."

"काल काय केलंत?"

"काहीच नाही."

"काहीतरी."

"खरंच काही नाही हो. पूजा सासूबाईंनी केली. स्वयंपाक त्यांनी. मी बसून होते. पाय चेपले तेवढे."

"कुणाचे?"

"त्यांचेच. दिवसभर उभ्या होत्या."

"नुसते चेपले?"

"तेल लावून. ते लाल येतं ना, थंड तेल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पिशवीत नव्हतं ते."

"ते माझं नाही," सुमती म्हणाली. "सासूबाईंचं आहे. मी कुठं लावते मला?"

डॉ. बियांकांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाल्या, "हात दाखवा."

सुमतीनं हात पुढं केले. तळवे वर. डॉक्टरांनी एकेक बोट धरून बघितलं, दोन बोटांच्या मधे, पेरांवर, नखांच्या कडांना.

"हे कधीपासून?"

"ते भांड्यांचं आहे."

"कधीपासून?"

"आधीपासूनच. चेहऱ्याच्या आधीपासून."

"मला का नाही सांगितलंत?"

सुमतीनं हात पुन्हा पदराखाली घेतले. ती म्हणाली, "पण ते आयुर्वेदिक आहे, डॉक्टर. बाटलीवर लिहिलंय."

"असू दे ना. वास आहे की नाही त्याला? बोटांना लागतं, बोटं डोळ्याला लागतात. डोळ्याची कातडी पातळ, ती आधी बोलते."

"इतकी वर्षं लावतेय. कधी काही झालं नाही."

"असंच असतं. वर्षानुवर्षं शरीर सोसतं. मग एक दिवस नाही म्हणतं. आणि एकदा नाही म्हणालं की कायमचं."

सुमती हे ऐकत राहिली.

"घाबरू नका, सोपं आहे," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "वासाचं काही हाताळायचं नाही, बस. त्यांच्या पायांना साधं तिळाचं तेल आणा. घाण्याचं, सुगंध न घातलेलं. त्यांचं काम होईल, तुम्हाला काही होणार नाही. आणि आज मजेत अंघोळ करा."

गाडीत आता मागं टेकायला हरकत नव्हती. सुमती तशीच पुढं वाकून बसली. कळव्याच्या पुलाखाली खाडीचं पाणी ओसरलेलं, चिखल चमकत होता. ड्रायव्हरनं एसी बंद केला. ती काही म्हणाली नाही. पदराखाली पाठीवरून घामाचा एक ओघळ निघाला आणि कंबरेपर्यंत गेला. जाऊ दे.

बिल्डिंगच्या खालीच वाण्याचं दुकान. तिळाच्या तेलाच्या बाटल्या दर्शनी भागात, मार्गशीर्ष म्हणून दिव्यासाठी पुढंच मांडलेल्या. सुमती तिथं उभी राहिली. वाणी म्हणाला, "काय देऊ वहिनी?" तिला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, "काही नाही. नंतर येते." आणि जिना चढायला लागली.

घर

भरलेलं होतं. पंढरीनं सुट्टी टाकली होती. ऋतुराज दारातच: "काय निघालं? कबुतरं ना?"

रखमाबाई आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आल्या. "काय म्हनली डाक्टरीण?"

"तेलाचं आहे, आई. तुमच्या लाल तेलाचं. त्याच्या वासाचं."

"माझ्या तेलाचं?" रखमाबाई दिवाणावर बसल्या. "मला तर कवा काय झालं न्हाई."

"मला होतं."

ऋतुराजनं आतून बाटली आणली आणि ऋषीच्या खालचा बारीक मजकूर फोनची बॅटरी लावून वाचायला लागला. "शेवटी लिहिलंय," तो म्हणाला. "सुगंध. बस्स, एवढंच."

"मग आता?" रखमाबाईंनी विचारलं. सुमतीला नाही. पायांना विचारल्यासारखं.

"आता मी तेल लावायचं नाही, म्हणाल्या."

"ह्ये लाल?"

सुमती उलटी खुर्ची सरळ करत होती.

"का कुठलंच न्हाई?"

खुर्ची सरळ झाली. सुमती तिच्यावर बसली आणि खूप दिवसांनी मागं टेकली.

"कुठलंच नाही," ती म्हणाली.

रखमाबाईंनी तिच्याकडं बघितलं. सुजलेल्या डोळ्यांकडं, बराच वेळ. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आयुष्यात पुष्कळ बायकांना पुष्कळ कारणं सांगताना त्यांनी ऐकलं होतं. मग त्यांनी लुगड्याची कड पायांवर नीट ओढून घेतली.

"बरं," त्या म्हणाल्या. "न्हाई तर न्हाई."

"मी लावीन, आई," पंढरी म्हणाला. "त्यात काय."

"तुला काय येतंय?"

"शिकेन."

"आमावस्येला सुट्टी अन् पुनवेला रजा. शिकतोयस तू." पण त्यांनी एक पाय थोडा पुढं सरकवला. पंढरी खाली बसला. बाटलीचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं ते बघितलं. तेल जास्त आलं, फरशीवर सांडलं. ऋतुराजनं फडकं आणलं. वास बाहेरच्या खोलीत पसरायला लागला तसा पंढरीच म्हणाला, "थांब, आत जाऊ आपण. हिला नको." आणि आईला दंडाला धरून उठवलं. दोघं आत गेले. दार लोटलं गेलं.

"मम्मी, गीझर लावू?" ऋतुराज म्हणाला. "आता अंघोळ चालते ना?"

"चालते."

"लावू?"

"लाव. बसते जरा."

गीझरचा लाल दिवा लागला, आणि बऱ्याच वेळानं विझला. पाणी तापलं होतं. सुमती बसूनच होती.

रखमाबाईंच्या पायांना सुमतीनं पहिल्यांदा तेल लावलं ते लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, आणि तेव्हा तिला कुणीही सांगितलं नव्हतं.